भातखाचरांच्या शेजारचे कोळसा बंदर

तंजावरहून नागपट्टिनमच्या रस्त्याला लागले की तिरुवारूरच्या पुढेपर्यंत दोन्ही अंगांना भातखाचरे दिसत राहतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा हा गाभा होय. पुढे नागूरला तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांनी दर्ग्यासाठी बांधविलेला उंच मिनार लक्ष वेधतो. तेथून जवळच, पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाच्या हद्दीत, कारैकलचे बंदर आहे. आवारात कोळशाचे ढीग रचलेले असतात.

हा कोळसा देशाबाहेर जाणारा नसून मुख्यतः देशात येणारा आहे. तामिळनाडूत दगडी कोळशाच्या खाणी नाहीत. ओडिशातील तालचेरचा कोळसा रेल्वेने पारादीपला नेऊन तेथून जहाजाने एन्नोर व तुतिकोरिन येथे उतरविला जातो. देशी कोळशात राखेचे प्रमाण बरेच असल्याने त्यात मिसळण्यासाठी आयात कोळसाही लागतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या कारैकल बंदराला ही बाजारपेठ मिळाली. दिवाळखोरी प्रक्रियेनंतर २०२३ मध्ये ते अदानी समूहाकडे आले.

बंदरातील कोळसा तिरुवारूर, तंजावर, तिरुचिरापल्ली या लोहमार्गाने अंतर्भागात जातो. मेत्तूरचे १,४४० मेगावॅटचे औष्णिक केंद्र समुद्रापासून दूर असल्याने त्याला रेल्वेवाचून गत्यंतर नाही. ज्या मेत्तूर धरणाचे पाणी १९३४ पासून तंजावरच्या शेतांना मिळते, त्याच गावाकडे त्या शेतांच्या कडेने कोळसा जातो, हा योगायोग चिंतनीय आहे. याच लोहमार्गावर तंजावरच्या भाताच्या मालगाड्याही धावतात.

त्रिभुज प्रदेशाच्या पोटातही लिग्नाइट आहे. २०२० मध्ये तामिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला. तरीही मार्च २०२३ मध्ये केंद्राने लिलावास काढलेल्या खाणपट्ट्यांत तंजावर जिल्ह्यातील वडसेरीचा समावेश झाला. शेतकऱ्यांचा व राज्य सरकारचा विरोध लक्षात घेऊन एप्रिलमध्ये वडसेरीसह तीन पट्टे वगळण्यात आले. हा निर्णय योग्यच होता. लिग्नाइटच्या उघड्या खाणीत भूजल सतत उपसावे लागते, आणि कालव्यांवर व विहिरींवर पोसलेल्या भातशेतीला ते परवडणारे नाही.

उत्खननाला मज्जाव करणाऱ्या या कायद्याने बंदरे, रस्ते, वीजवाहिन्या यांना मात्र सूट दिली आहे. शिवाय कारैकल पुदुच्चेरीत असल्याने तो तेथे लागूच होत नाही. कोळशाच्या धुळीविषयी नागूरच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या, पण बंदर एका प्रशासनाखाली आणि वस्ती दुसऱ्या. ढिगांवर पाणी फवारणे, ते झाकणे, बंदिस्त पट्ट्यांवरून माल वाहणे हे उपाय खर्चिक असले तरी ठाऊक आहेत. तो खर्च कोळशाच्या हाताळणी दरात धरला, तर त्याचा वाटा मेत्तूरच्या विजेच्या दरात उतरेल. न धरल्यास तो नागूरच्या घराघरांतून वसूल होत राहील.