शाळेच्या बसची जबाबदारी कोणाची?

जून महिन्यात शाळा उघडल्या की लोणंद परिसरातील रस्त्यांवर पिवळ्या बसगाड्या पुन्हा दिसू लागतात. त्यांच्या जोडीला जीपगाड्या, व्हॅन आणि रिक्षाही असतात. लोणंद हे पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक, कांद्याची मोठी बाजारपेठ आणि फलटण, सातारा, शिरवळ या तिन्ही दिशांच्या रस्त्यांचा संगम. ऊस तोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर याच रस्त्यांवर असतात आणि त्यांच्यातून वाट काढत अंदोरी, पाडेगाव, तरडगाव अशा गावांकडची मुले ने-आण करावयाची असतात. या वाहतुकीसाठी कोणते नियम आहेत आणि ते पाळले जातात की नाही हे कोणी पाहावयाचे, याविषयी पालकांच्या मनात बराच संभ्रम आढळतो. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडत आहोत.

या नियमांना एका दुर्घटनेची पार्श्वभूमी आहे. 18 नोव्हेंबर 1997 रोजी दिल्लीत वजीराबाद पुलावरून शाळेची एक बस यमुना नदीत कोसळली आणि 28 मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील सुनावणीत शाळांच्या बसगाड्यांसाठी आदेश दिले. बसच्या मागेपुढे ‘स्कूल बस’ असे ठळक लिहावे, खिडक्यांना आडवे गज असावेत, प्रथमोपचार पेटी व अग्निशामक असावे, दारांना भरवशाची कडी असावी, शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक बसवर असावा, मुलांबरोबर एक जाणता मदतनीस असावा, चालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान 5 वर्षांचा अनुभव असावा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या पुढे जाऊ नये म्हणून वेगनियंत्रक बसवावा, अशी ती कलमे होती. भरधाव गाडी चालवल्याबद्दल किंवा मद्यपान करून चालवल्याबद्दल ज्याला एकदा जरी दंड झाला असेल, अशा चालकाच्या हाती शाळेची बस देऊ नये, असेही न्यायालयाने सांगितले. पालकांनी सर्वांत आधी विचारावी ती हीच गोष्ट, असे आम्हाला वाटते. आणि नेमकी हीच कोणी विचारत नाही.

महाराष्ट्र शासनाने शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले ते 2011 साली. पिवळा रंग, वेगनियंत्रक, मुली प्रवास करीत असल्यास स्त्री मदतनीस इत्यादी तरतुदी त्यांत आहेत. परंतु या नियमांचा खरा कणा आहे तो शालेय परिवहन समिती. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली ही समिती असावी लागते. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस खात्याचा अधिकारी, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभागाचा प्रतिनिधी आणि बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी तिच्यात बसतात. गाडीची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना आणि चालकाचे लायसन्स तपासणे, मुलांनी चढण्या-उतरण्याचे थांबे ठरवणे आणि प्रवासाचे शुल्क निश्चित करणे ही तिची कामे. जिल्हा पातळीवर पोलीस अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती असते.

शासनाने हे काम शाळेकडे का सोपवले, हे लोणंदसारख्या ठिकाणी लगेच ध्यानात येते. परिवहन कार्यालय साताऱ्याला आहे. निरीक्षक वर्षातून काही वेळा मोहीम काढतील, रस्त्यात गाड्या अडवतील, दंड करतील. रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी ते उभे राहू शकत नाहीत. तेथे रोज असतात ते मुख्याध्यापक, शिपाई आणि आई-वडील. ज्या शाळेत समिती फक्त नोंदवहीत असते, तेथे अंमलबजावणी मोहिमेपुरतीच उरते.

मोहिमेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या जीपगाडीत दाटीवाटीने मुले बसवलेली असतात, ती बंद झाली म्हणून मुलांचे शाळेत जाणे काही थांबत नाही. ती वडिलांच्या मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून किंवा रस्त्याच्या कडेने चालत जातात. कायद्याने ही अडचण काही अंशी ओळखली आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 194-अ नुसार जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे, आणि जादा प्रवासी उतरवून त्यांच्या पुढील प्रवासाची सोय केल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. म्हणजे मुलांना रस्त्यात सोडून द्यावे असे कायदा सांगत नाही.

गर्दीच्या गाडीत मूल बसवणारा पालक निष्काळजी असतो असे आम्ही मानत नाही. बहुधा त्याला तेवढेच परवडते. मजुरी करणाऱ्या घरातील दोन मुलांचे बसचे पैसे दर महिन्याला भरणे सोपे नाही. म्हणूनच शुल्क ठरवण्याचा समितीचा अधिकार महत्त्वाचा आहे. एस.टी.चा मार्गही विसरू नये. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर 66.66 टक्के सवलत मिळते, आणि अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल, तर आगाराकडे लेखी मागणी शाळेने करावी. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा तिला वजन असते.

खाजगी गाडीविषयी एक सावधगिरी. भाडे घेऊन मुले नेणारी गाडी परवानाधारक, म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली हवी. पांढऱ्या पाटीच्या गाडीला तसा परवाना नसतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. ज्या घराने स्वस्त म्हणून ती गाडी निवडली, त्याच्यावरच मग कोर्टाच्या खेपा घालण्याची वेळ येते.

आता मदतनिसाविषयी, कारण खर्च वाचवताना पहिला काटला जातो तो हाच माणूस. मूल उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडते, किंवा पडलेली पाण्याची बाटली उचलण्यास चाकापाशी वाकते. उंच आसनावर बसलेल्या चालकाला ते दिसत नाही. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की इतर वाहनांना थांबावे लागते. आपल्याकडे मागून येणारा ट्रक थांबेल याचा भरवसा नाही. मुलाचा हात धरून पलीकडे नेणारा माणूसच हवा.

लोहमार्गाजवळच्या गावांना आणखी एक कारण आहे. 24 जुलै 2014 रोजी तेलंगणात मेदक जिल्ह्यातील मसाईपेट येथे रखवालदार नसलेल्या फाटकावर नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेच्या बसला धडक दिली आणि दहाहून अधिक मुले दगावली. अशा फाटकावर गाडी थांबवून मदतनिसाने खाली उतरावे, रूळ मोकळे असल्याची खात्री करावी आणि मगच गाडी पुढे न्यावी. मदतनीस नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 131 सांगते. हा कायदा 1988 चा आहे. ब्रॉडगेज मार्गावरील अशी फाटके 2019 पर्यंत हटवण्यात आली, हे खरे. तरी बंद होत आलेल्या फाटकाखालून गाडी दामटण्याची सवय आपल्या भागातून गेली आहे असे म्हणवत नाही.

दर आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा वाहने कोठून वळवायची आणि कोठे थांबवायची हे ठरवण्यासाठी पोलीस, नगरपंचायत आणि गावकरी एकत्र बसतात. शाळेच्या थांब्यांसाठी वर्षातून एकदा अशी बैठक घेणे त्यामानाने अगदी लहान काम आहे.

आपल्या धर्मग्रामातील पालकांनी पहिल्या पालकसभेतच परिवहन समितीचे सदस्य कोण, तिची मागील बैठक कधी झाली आणि तिचे इतिवृत्त कोठे पाहावयास मिळेल, हे विचारावे. बसचे योग्यता प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत आहे, तेही विचारावे. समिती नसेल, तर ती स्थापन करण्याची मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. चालक प्यायलेला दिसल्यास मात्र सभेची वाट पाहू नये. मूल गाडीतून उतरवून घ्यावे आणि 112 क्रमांकावर फोन करावा.