खाण्याच्या पैजेचा धंदा कसा झाला

लग्नाच्या पंगतीत जिलब्यांची पैज लागलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. चार जण हसतात, वाढपी पुन्हा पुन्हा फेरी मारतो, हरणारा पाणी पिऊन उठतो आणि गोष्ट तेथेच संपते. अशा थट्टेचा धंदा कसा होतो आणि त्यात खाणाऱ्याच्या हाती काय राहते, हे पाहावयाचे तर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या वस्तीकडे वळले पाहिजे. आम्ही तेथे गेलेलो नाही. वाचून जे समजले ते सांगतो.

नेथन हँडवर्कर हा पोलंडहून आलेला ज्यू, तेथल्या एका मोठ्या उपाहारगृहात पाव कापण्याचे काम करी. १९१६ साली त्याने स्वतःचे दुकान घातले. हॉट डॉग म्हणजे लांबट पावात घातलेले गरम सॉसेज. जुना मालक त्याचे १० सेंट घेई, याने ५ लावले. पुढे १९२० साली शहराची रेल्वे तेथवर पोचली, तिचे तिकीटही पाचच सेंट. सुटीच्या दिवशी कष्टकरी माणसे किनाऱ्यावर लोटू लागली आणि दुकान चालले.

या दुकानाची एक कथा पुष्कळ वर्षे छापली जात होती. ४ जुलै १९१६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, परदेशांतून आलेल्या चौघांत खरा देशभक्त कोण यावरून वाद पेटला आणि त्याचा निकाल हॉट डॉग खाऊन लावला गेला! कथा झकास आहे. पण ती आपण आणि आपल्या सहकाऱ्याने १९७० नंतर जाहिरातीसाठी रचली, अशी कबुली मॉर्टिमर मॅट्झ या प्रसिद्धी-व्यावसायिकाने २०१० साली दिली. पैजेची खरी सुरुवात १९७२ च्या सुमाराची. दंतकथा आमच्या चळवळीतही निघतात. मात्र त्यांच्यावर सॉसेज खपवावयाचे नसते.

पुष्कळ वर्षे ही पैज म्हणजे गंमतच होती. २००१ साली ताकेरू कोबायाशी हा लहानखुरा जपानी तरुण आला. तोवरचा विक्रम १२ मिनिटांत २५ आणि वर एक अष्टमांश एवढा होता. त्याने ५० खाल्ले. सॉसेज मोडून दोन तुकडे करावयाचे, पाव पाण्यात भिजवून वेगळा गिळावयाचा, अशी त्याची रीत. कोणत्याही कारागिराप्रमाणे त्याने काम मोडून पाहिले होते. दूरचित्रवाणीवर २००४ पासून स्पर्धा थेट दिसू लागली, २००८ पासून वेळ १० मिनिटे झाली आणि पहिले बक्षीस १०,००० डॉलरांवर गेले. २०११ पासून स्त्रियांची स्पर्धा वेगळी होऊ लागली.

आणि मग कागद आला. स्पर्धा चालविणाऱ्या मंडळीने खेळाडूंपुढे करार ठेवला: आमच्याखेरीज इतरत्र खावयाचे नाही. कारखान्याच्या दारात आयुष्य काढलेल्या आम्हांला ही अट फार ओळखीची वाटते. सहा वर्षे ओळीने जिंकलेल्या कोबायाशीने २०१० साली सही नाकारली. स्पर्धेच्या दिवशी तो प्रेक्षकांत उभा होता. ती संपल्यावर व्यासपीठावर चढला, तेव्हा पोलिसांनी त्याला धरून नेले. खटला पुढे निघाला, पण त्या व्यासपीठावरील त्याची जागा गेली ती गेलीच.

जोई चेस्टनट याने २००७ साली त्याला हरविले होते आणि २०२१ साली ७६ हॉट डॉग खाऊन नवा विक्रम केला. त्यालाही २०२४ साली बाहेर ठेवण्यात आले; कारण काय, तर वनस्पतीपासून बनविलेले सॉसेज विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीशी त्याने करार केला होता! पुढच्या वर्षी तडजोड झाली, तो परत आला आणि साडेसत्तर खाऊन जिंकला. ज्याच्या नावावर गर्दी जमते त्याच्याशी तडजोड होते. त्याच मेजाशी शेवटच्या जागेवर उभा राहून वीस-बावीस खाणारा जो असतो, त्याने असा दुसरा करार केला असता तर?

शरीराचा हिशेब निराळाच आहे. २००७ साली कोबायाशीचा जबडा इतका दुखत होता की तोंड नीट उघडेना. तरी तो उतरला. २०२४ साली आपण निवृत्त होतो असे त्याने सांगितले. आपल्याला आता भूक लागत नाही, जेवून समाधान पावणाऱ्या माणसांचा हेवा वाटतो, असे तो म्हणाला. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅमेऱ्यापुढे चेस्टनटशी त्याचा पुन्हा सामना लागला. त्याने ६६ खाल्ले आणि तो हरला.