ख्रिस्तमंदिराच्या दारातील पाहुणा

पाहुणचाराच्या बाबतीत आपली खेडी कोणाला हार जाणार नाहीत. भर दुपारी उन्हातून कोणी दाराशी आला, तर आधी पाण्याचा तांब्या नि गुळाचा खडा पुढे करावा आणि मग नाव-गाव विचारावे, ही रीत आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावी लागत नाही. परंतु हीच मंडळी रविवारी सकाळी ख्रिस्तमंदिरात जमली आणि शेवटच्या बाकाच्या टोकाशी कोणी अपरिचित मनुष्य अंग चोरून बसला, तर काय घडते? दोन-चार माना मागे वळतात, कोणी कोणाच्या कानाशी लागते, आणि मिस्सा संपताच जो तो आपापल्या सोयऱ्यांत मिसळून जातो. तो मनुष्य जसा आला तसा निघून जातो. घराच्या उंबरठ्यावर जो धर्म आपण पाळतो, तो देवाच्या घराच्या उंबरठ्यावर का विसरतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

उपस्थितीची चिंता आता पुष्कळ धर्मग्रामांत बोलून दाखविली जाते. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, ख्रिस्तमंदिरे भाविकांना बंद झाली, आणि घरोघरी मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहण्याची पाळी आली. पुढे दारे उघडली. पण मोडलेली सवय साऱ्यांचीच पुन्हा जुळली असे नाही. मग धर्मग्रामाच्या सभेत उपाय सुचविले जातात. नवा ध्वनिक्षेपक घ्यावा, भिंती रंगवाव्यात, गायनवृंदाला नवी वाद्ये द्यावीत. या गोष्टी वाईट मुळीच नाहीत. तथापि एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या रविवारी मनुष्य येतो तो घंटा ऐकून, श्रद्धेने, दुःखाने किंवा नुसत्या कुतूहलानेही. परंतु दुसऱ्या रविवारी तो बहुधा येतो, तो पहिल्या रविवारी त्याला कोणी आपला म्हटले म्हणून. रविवारच्या मिस्साबलिदानात सहभागी होणे हे कॅथोलिकाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. पण त्या कर्तव्याची वाट दुसऱ्यासाठी सोपी करणे अथवा अवघड करणे, हे मात्र आपल्या हाती असते.

ख्रिस्तसभेची जुनी रीत

परक्याचे स्वागत ही काही नवी टूम नव्हे. संत जस्टिन यांनी इ. स. 155 च्या सुमारास रोम येथे रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात जमलेल्या दानाचा विनियोग कोणासाठी होतो हेही सांगितले आहे. अनाथ, विधवा, आजारी आणि बंदिवान यांच्याबरोबर त्यात परगावाहून आलेले लोकही आहेत. म्हणजे छळाच्या त्या काळातही, स्वतः भीत भीत एकत्र जमणाऱ्या त्या मंडळीने प्रवाशाचा वाटा वेगळा काढून ठेवला होता!

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमच्या ख्रिस्तसभेत द्वारपाल नेमलेले असत. दाराची राखण करणे ही पुढे शतकानुशतके धर्मगुरुपदाच्या मार्गावरील एक पायरी मानली गेली. पोप सहावे पॉल यांनी 1972 साली ही पायरी औपचारिकपणे बंद केली. पण पायरी गेली म्हणून काम संपले नाही. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत, दाराशी भाविकांची भेट घेऊन त्यांना योग्य जागी नेणाऱ्या माणसांचा उल्लेख उपासनेतील सेवेकऱ्यांमध्येच केलेला आहे. वाचन करणारा जसा सेवक, गाणारा जसा सेवक, तसाच दाराशी उभा राहणाराही सेवकच होय.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा 53 वा अध्याय पाहुण्यांविषयीच आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्यास साक्षात ख्रिस्त समजून सामोरे जावे, आणि गरीब व यात्रेकरू यांची काळजी तर विशेषच घ्यावी, असा त्याचा आशय आहे. श्रीमंताचा दरारा त्याचा मान आपोआप मिळवून देतो. गरिबाला तो मान आपण मुद्दाम द्यावा लागतो, हे त्या संताने पुरते ओळखले होते.

आपणही कधी परके होतो

हे सारे दूरच्या देशांतले म्हणून बाजूस सारू नये. आपल्याच घराण्यांचा इतिहास पाहा. गोव्याकडील हजारो पुरुष पोटासाठी मुंबईस गेले; कोणी बोटीवर, कोणी स्वयंपाकघरात, कोणी वाद्यवृंदात कामास लागले. त्या अफाट शहरात त्यांना आधार मिळाला तो धोबी तलाव, माझगाव या भागांतील ‘कूड’ नावाच्या निवासांचा. गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावासाठी या जागा चालविल्या. तेथे एक पेटी ठेवण्याइतकी जागा मिळे, भिंतीशी लहानशी वेदी असे, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी असा दंडक असे. बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने काढणाऱ्या त्या माणसांची श्रद्धा टिकली, याला हा आपलेपणा फार मोठे कारण झाला.

आणि आज? आज आपली मुले पुण्यास, बंगळुरास, आखाती देशांत आहेत. एखाद्या मोठ्या शहराच्या चर्चमध्ये आपला मुलगा रविवारी एकटाच मागे उभा असेल, तर कोणी त्याला हाक मारावी, असे प्रत्येक आईला वाटते. मग झारखंड-ओडिशाकडून बांधकामावर आलेला तरुण, केरळहून इस्पितळात नोकरीस आलेली परिचारिका, बदली होऊन आलेला शिक्षक, हे आपल्या चर्चमध्ये मागे उभे असतात, तेव्हा त्यांच्याही आया दूर कोठेतरी हीच आशा धरून बसल्या आहेत, हे आपण का विसरावे?

खरी अडचण कोठे आहे?

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या 3 डिसेंबरच्या सणासाठी बेळगाव आणि सावंतवाडीकडून पायी चालत जुन्या गोव्यास जाणारे भाविक आपण पाहतो. त्यांना वाटेत पाणी, जेवण, अंथरूण मिळते. देणाऱ्यास त्यात आनंद वाटतो. मग यात्रेकरूचे स्वागत करणारा हाच समाज रविवारच्या अनोळखी माणसापाशी का अडखळतो?

याचे उत्तर कडू असले तरी ते सांगितले पाहिजे. यात्रेकरू एक रात्र राहतो आणि पहाटे निघून जातो. त्याला आपल्या बाकावर कायमची जागा नको असते, सणाच्या मिरवणुकीत मान नको असतो, गायनवृंदात आवाज मिसळायचा नसतो. जो राहण्यासाठी आला आहे, तो मात्र आज ना उद्या या सर्वांत वाटा मागणार. खरा पाहुणचार येथेच कसाला लागतो. पाणी देणे सोपे, जागा देणे कठीण!

आपल्या कित्येक गावांत पुढचे बाक अमक्या घराण्याचे, सणाचा मान तमक्या वाड्याचा, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोठे त्यामागे नुसती सवय असते, तर कोठे जातीचा अभिमान दडलेला असतो. भारतातील कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने 2016 साली दलित बांधवांविषयी आपले धोरण प्रसिद्ध करून जातिभेदाचा निषेध केला, तो काही उगाच नव्हे. संत याकोब यांनी आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच प्रसंग रंगविला आहे: सोन्याची अंगठी घातलेल्यास उत्तम आसन, आणि मळक्या वस्त्रातल्यास पायांशी जागा. असे करणारा आपल्याच बांधवांचा अन्यायी न्यायाधीश होतो, हा त्यांचा निवाडा आहे. तेव्हा उपस्थिती वाढवावयाची असेल, तर आधी आपले अंतःकरण रुंद करावे लागेल. बाक आपोआप भरतील.

काय करावे, काय करू नये

आता व्यवहाराच्या गोष्टी. यांस खर्च जवळजवळ नाहीच; नियमितपणा मात्र हवा.

पहिली गोष्ट, मिस्साच्या वेळा आणि भाषा रस्त्यावरून दिसतील अशा फलकावर ठळक अक्षरांत लिहाव्यात. आपणास वेळ पाठ असते. नव्या माणसास ती कोण सांगणार? सीमाभागात मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी अशा अनेक भाषा नांदतात, तेथे तर कोणत्या मिस्साची भाषा कोणती हे लिहिणे अगत्याचेच आहे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक रविवारी एका कुटुंबाने पंधरा मिनिटे आधी येऊन दाराशी उभे राहावे. पाळीपाळीने प्रत्येक घराचा वार येऊ द्यावा, म्हणजे हे काम चार पुढाऱ्यांचे न राहता सर्वांचे होईल. आलेल्यास गीतांचे पुस्तक द्यावे, हसतमुखाने आत न्यावे, आणि शक्य तर आपल्याच शेजारी बसवावे. वृद्धांसाठी आणि तान्ह्या मुलांच्या मातांसाठी दाराजवळचे बाक मोकळे ठेवावेत. मूल रडू लागले म्हणून त्या मातेकडे रागाने वळून पाहणारी एक नजर तिला कित्येक रविवार घरी बसवू शकते.

तिसरी गोष्ट, शांतिचिन्हाची. 1969 साली रोमने भारतासाठी जे बारा उपचार मान्य केले, त्यांत हात जोडून शांती देण्याची आपली रीतही आहे. ती केवळ ओळखीच्यांसाठी नव्हे. त्या क्षणी आधी अनोळखी माणसाकडे वळावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मिस्सा संपल्यानंतरची पाच मिनिटे. या पाच मिनिटांत आपल्या माणसांशी बोलायचे नाही, नव्या माणसाशी बोलायचे, असा नेम प्रत्येक घरातील एकाने तरी करावा. “दादा, कुठून आलात? मुक्काम कुठे आहे?” एवढे दोन शब्द पुरतात. जात, पगार, लग्न झाले की नाही, या चौकशा करू नयेत. सर्वांसमोर उभे करून त्यास नाव सांगावयास लावणे हेही टाळावे. भिडस्त माणूस त्या भीतीने पुन्हा फिरकत नाही. आणि पहिल्याच भेटीत वर्गणीची पावती तर कदापि पुढे करू नये.

पाचवी गोष्ट, आठवडा सरण्यापूर्वी दोघांनी त्याच्या बिऱ्हाडी जाऊन यावे आणि पुढील रविवारी त्यास नावाने हाक मारावी. 1983 च्या धर्मसंहितेतील 529 व्या कलमानुसार कुटुंबांची ओळख करून घेणे, तसेच एकाकी आणि मायदेशास मुकलेल्या जनांची विशेष काळजी वाहणे, हे धर्मगुरूंचे कर्तव्य आहे. पण तीन-चार वाड्यांची जबाबदारी असलेल्या एकट्या धर्मगुरूंस, कोणी सांगितल्याशिवाय हे कळावे कसे? ते त्यांच्या कानी घालणे हे आपले काम.

सहावी गोष्ट, नव्या माणसास लवकरच एखादे काम द्यावे. ज्याच्या हाती वेदीवरच्या फुलांची व्यवस्था आहे, किंवा ज्याच्या गळ्यातील सूर गायनवृंदास हवा आहे, तो स्वतःला पाहुणा समजत नाही.

शेजारधर्म आणि आपलीच हरवलेली माणसे

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सास आपले हिंदू शेजारीही प्रेमाने येतात. त्यांना मानाने बसवावे. ख्रिस्तप्रसाद घेण्यास कोण पुढे येऊ शकतो, हे आधीच गोड शब्दांत सांगावे; ऐन वेळी कोणास मागे फिरविण्याचा कटू प्रसंग येऊ देऊ नये. त्यांना कोणत्याही गोष्टीचा आग्रह करू नये. आपल्या घरातून ते समाधानाने परतले, यातच आपल्या श्रद्धेची शोभा आहे.

शेवटी, परक्यांची वाट पाहताना आपलीच माणसे विसरू नयेत. भांडणामुळे, लग्नाच्या अडचणीमुळे, कोणाच्या टोचणाऱ्या शब्दामुळे, किंवा सणाला घालण्यास चांगला कपडा नाही या लाजेमुळे जे येईनासे झाले, ते प्रत्येक वाड्यात आहेत. बऱ्याच काळाने असा कोणी परत आला तर “आज सूर्य कुठे उगवला?” असे म्हणून त्याची थट्टा करण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याने मुलाकडे मागचा हिशेब मागितला नाही. हिशेब मागितला तो थोरल्या भावाने. आपण त्या घरात कोणाच्या जागी उभे आहोत?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या प्रबोधनपत्रात, ख्रिस्तमंदिरांची दारे उघडी असावीत, अशी इच्छा प्रकट केली होती. लाकडी दार उघडणे हे घंटा वाजविणाऱ्या सेवकाचे काम; पण त्या दारातून आत आलेल्या माणसास आपले दार उघडे आहे असे वाटावे, हे काम कुटुंबांचे. शेवटच्या दिवशी आपला न्यायाधीश विचारणार आहे, की मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले काय? रविवारी किती डोकी मोजली, हे तो विचारणार नाही. तेव्हा वाचकहो, आज रात्रीची जपमाळ संपल्यावर घरातील सर्वांनी मिळून एकच ठरवावे: येत्या रविवारी आपल्या बाकावर कोणासाठी जागा राखून ठेवायची?