रिपोर्ट बरा, पण जीव बरा नाही!
(थायरॉईडची गोळी घेणाऱ्या जोडप्यांसाठी)



"रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग अंगात त्राण का नाही?" "मला तर काहीच होत नाही, मग डॉक्टर गोळी का वाढवतात?" थायरॉईडची गोळी चालू असलेल्या घरात हे दोन प्रश्न हमखास निघतात. मग कोणी आपल्याच मनाने गोळी वाढवते, कोणी बंद करते. मूल हवे असो, पाळणा लांबवायचा असो की आता मूल नको असो, अशा घाईचा त्रास साऱ्या संसाराला होतो. म्हणून हे नवरा-बायको दोघांनी वाचावे.

तपासणी काय सांगते?

गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की थकवा येतो, थंडी वाजते, शौचाला साफ होत नाही, केस गळतात, पाळी लांबते किंवा फार जाते. कमी पडलेला रस लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीने भरून काढतात.

रक्तात टीएसएच तपासतात. टीएसएच म्हणजे डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला मारलेली हाक. रस कमी, तर हाक मोठी. रस जास्त, तर हाक बारीक. म्हणून टीएसएच वाढले म्हणजे बहुधा रस कमी पडला असे समजावे. पण ही हाक हळूहळू बदलते. गोळीचे प्रमाण बदलल्यावर खरा आकडा कळायला ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत केलेली तपासणी फसवते.

रिपोर्ट बिघडला, पण त्रास नाही

आधी गोळी कशी घेतली ते आठवा.

१) गोळी पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने. चहाबरोबर घेतलेली गोळी अंगी पूर्ण लागत नाही.

२) रक्तवाढीची लोहाची गोळी व कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवावी.

३) महिनाभर गोळ्या चुकवल्या आणि तपासणीआधी चार दिवस नेमाने घेतल्या, तर रक्तातला रस बरा दिसतो, टीएसएच मात्र वाढलेलेच राहते. डॉक्टरांना खरे सांगा. लपवले तर ते उगाच गोळी वाढवतील.

४) आपल्या कोकणात पावसाळ्यात सगळ्याला ओल येते. गोळ्या चुलीजवळ, खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नका. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी ठेवा.

५) घरधनी मुंबईला असला, की एक बाटली मुंबईची, दुसरी रत्नागिरीची असे होते. कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा. तपासणीही शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडे चुकीचे येतात.

रिपोर्ट चांगला, पण त्रास आहे

हा त्रास खोटा नाही. "बाईची नाटकं" असे म्हणून घरच्यांनी सोडून देऊ नये. पण प्रत्येक थकवा थायरॉईडचा नसतो. अंगात रक्त कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अपुरी झोप, मनाची उदासी, मधुमेह, यांनीही असेच होते. त्याची तपासणी मागा.

मनाने गोळी वाढवू नका. जादा गोळीने छातीत धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. वजन उतरवायला तर ही गोळी मुळीच घेऊ नये.

पाळी चुकली तर?

इथे सर्वात मोठी चूक होते. "थायरॉईड आहे, पाळी लांबायचीच," म्हणून बाई दोन-दोन महिने थांबते. पाळी चुकली की आधी लघवीची गरोदरपणाची तपासणी करा. पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईड रसावर अवलंबून असते. त्या काळात आईला गोळी जास्त लागते. म्हणून दिवस गेल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गोळी बंद करू नका, ती बाळाला बाधत नाही. अंगावर पाजतानाही चालते.

गरोदरपणात लोह व कॅल्शियम दोन्ही मिळते. साधी वाटणी अशी: पहाटे थायरॉईड, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, संध्याकाळी लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर पुन्हा कॅल्शियम.

मूल हवे असेल तर आधी टीएसएच साधारण २.५ च्या खाली आणून घ्यावे. तोवर पाळणा लांबवावा.

कोणते साधन वापरावे?

तांबी व निरोध यांचा थायरॉईडच्या गोळीशी काही संबंध नाही. पुरुष नसबंदीचाही नाही. माला-एन घेता येते, पण त्यातील हार्मोनमुळे थायरॉईडची गोळी थोडी वाढवावी लागू शकते. पाकीट सुरू केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी शेवटच्या ७ लोहाच्या असतात, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसते. म्हणून माला-एन रात्री घ्यावी. पाळी फार जाऊ लागली तर एकदम तांबीला दोष देऊन ती काढू नका. थायरॉईडही तपासून घ्या.

दोघांनी मिळून करा

कॅलेंडरवर रोज गोळीची खूण करा. ज्या दिवशी त्रास झाला तिथे दोन शब्द लिहा. ते कॅलेंडर आणि जुने सर्व रिपोर्ट घेऊन दोघे डॉक्टरांकडे जा. नुसता कागद अर्धी गोष्ट सांगतो, उरलेली अर्धी तुम्ही सांगायची.

शंका असल्यास आशाताई, उपकेंद्रातील नर्सबाई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारा. गरोदर भगिनींसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते.

गोळी नेमाने, तपासणी वेळेवर, मूल विचाराने!