गावठाणाची रेषा आणि नगराची वाढ : तळवलीच्या निमित्ताने

‘गावठाण’ हा शब्द व्यवहारात जुन्या वस्तीचे नाव म्हणून योजला जात असला, तरी मूलतः ती महसुली संज्ञा आहे. घरे, देवळे, वाटा आणि विहिरी यांनी व्यापलेली भूमी शेतजमिनीपासून निराळी काढून तिची सीमा निश्चित करण्याची तरतूद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमात ती पुढे चालू राहिली. या रेषेचे प्रयोजन साऱ्याच्या आकारणीपुरते होते. गावाच्या भावी पिढ्यांनी किती जागेत राहावे, हा प्रश्न ती आखणाऱ्यांपुढे नव्हता. नव्या मुंबईच्या उभारणीनंतर मात्र तीच रेषा वस्तीची सीमा होऊन बसली. या स्थित्यंतराचे स्वरूप समजून घेण्यास तळवलीचे उदाहरण उपयुक्त आहे.

ठाणे खाडीच्या पूर्वेस, ठाणे-बेलापूर पट्ट्यात घणसोली व रबाळे यांच्या नजीक तळवली हे गाव वसले आहे. या पट्ट्यात मुख्यतः आगरी व कोळी समाजांची वस्ती होती. बांध घालून खाडीपासून राखलेल्या खार जमिनीत भात, मिठागरात मीठ आणि खाडीत मासळी, असा येथील उपजीविकेचा त्रिविध आधार होता. घरे दाटीने वसलेली असत, कारण मोकळी जागा गावाबाहेर भरपूर होती. पीक झोडपण्याचे खळे, गुरांची चरण, जाळी वाळविण्याची जागा ही सर्व रेषेच्या पलीकडे होती. कुटुंब वाढले की भावकीच्या जागेत एक खण वाढवावा किंवा शेताच्या कडेस नवे घर बांधावे, अशी रीत होती. अर्थात गावठाण हा वस्तीचा केवळ गाभा होय. शेती व खाडी यांच्यावाचून तो अपुराच होता.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर मार्गालगत कारखानदारी वाढू लागली. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली व नव्या नगरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेते, खार जमिनी आणि मिठागरे संपादनात गेली. गावठाणे वगळली गेली. वरवर पाहता हा दिलासा होता. प्रत्यक्षात गाभा राहिला व त्यास पोसणारा परिसर गेला. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतरची आहे.

पुढील घटनाक्रम या कारणांतून सहज उलगडतो. वाढत्या कुटुंबांना आडवे पसरण्यास जागा उरली नाही, म्हणून घरे उभी वाढली. शेतीचे उत्पन्न थांबले, म्हणून वरचे मजले भाड्याने दिले गेले. कारखान्यांतील व पुढे नगरातील कामगारांस नियोजित वसाहतींतील घरे परवडत नसल्याने भाडेकरूही सहज मिळाले. अशा रीतीने कौलारू घराची ओटी, पडवी व माजघर यांच्या जागी अरुंद गल्लीतील बहुमजली इमारत आली. ज्या गावठाणांचे नगर भूमापन झाले नाही, तेथे रहिवाशांपाशी सातबारा नसतो आणि मिळकतपत्रिकाही नसते. वहिवाट आणि घरपट्टीची पावती हाच काय तो पुरावा. परिणामी कर्ज व बांधकाम-परवाना दोन्ही दुर्घट होतात आणि पिढीजात रहिवासी स्वतःच्याच गावात ‘अनधिकृत’ ठरतो.

हा प्रकार केवळ नव्या मुंबईचा नव्हे. दिल्लीत १९०८ च्या सुमारास महसुली नकाशावर तांबड्या शाईने आखलेला ‘लाल डोरा’ असाच वस्तीची मर्यादा ठरला. चीनमधील शेंझेन येथे १९८० नंतर शेते नगरात गेली, घरांच्या जागा ग्रामस्थांकडे राहिल्या आणि तेथील उंच, दाट इमारती स्थलांतरित कामगारांचा आसरा बनल्या. तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याचा घरमालक झाला, आणि नियोजनाने ज्यांच्यासाठी घरे योजली नव्हती त्यांस जुन्या गावाने जागा दिली.

१९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. गावठाणालगतची २५० मीटरांपर्यंतची घरे नियमित करण्याचा शासकीय निर्णय २०२२ साली झाला. परंतु घर नियमित होणे आणि वस्ती टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने रहिवाशास मालकीची निश्चिती लाभते. दुसरीस प्रकाश, वारा, गटारे आणि अग्निशामक गाडी जाईल एवढी वाट लागते. सामूहिक पुनर्विकासाने या सोयी साधतील, तथापि त्यात भावकीच्या जागांची परस्परलग्न रचना मोडते. ही रचना म्हणजे केवळ घरांची मांडणी नव्हे. लग्नातील धवल्याची गाणी, हळदीचा मांडव, गावदेवीची जत्रा यांना लागणारे मनुष्यबळ तिच्यातूनच उभे राहते.

म्हणून गावठाणाचा अभ्यास करताना त्यास झोपडपट्टी समजणे जितके चुकीचे, तितकेच त्याकडे प्राचीन अवशेष म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. कोणतीही योजना आखण्यापूर्वी प्रत्येक घराची जागा, तीवरील वारसांचे हिस्से, भाडेकरूंची संख्या व सामाईक जागांचा वापर यांची घरोघर नोंद होणे अगत्याचे आहे. एकदा आखलेल्या रेषेने शंभर वर्षांनंतरच्या माणसांचे जीवन कसे बांधले, हे तळवलीने दाखविले आहे. नवी रेषा आखणाऱ्यांनी निदान तेवढे ध्यानी घ्यावयास हवे.