पाच कंपन्या, एक घर

नागपूरच्या इतवारी स्थानकात अनेक दशके दोन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ नांदत होते. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलीमीटर, तर छिंदवाड्याकडे जाणाऱ्या नॅरोगेजचे अवघे ७६२. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर चढणे शक्यच नव्हते. साहजिकच माल उतरवून पुन्हा भरावा लागे, आणि त्या चढउताराची हमाली, वेळ व तूट शेवटी व्यापाराच्याच अंगावर पडे. छिंदवाड्याची ती लहान गाडी मार्ग रुंद करण्यासाठी २०१५च्या अखेरीस बंद झाली. गेजचा प्रश्न मात्र आज निराळ्या रूपाने घराघरांत येऊन बसला आहे.

दिवाळीच्या सवलतीत एका कंपनीचे दिवे आले, उन्हाळ्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचा वायफायवाला एसी आला, नव्या सदनिकेच्या दाराला तिसऱ्याचे कुलूप होते आणि दुकानाला कॅमेरे लावणाऱ्याने घरालाही चौथ्याचा कॅमेरा बसवून दिला. बोलून आज्ञा घेणारा स्पीकर पाचव्याचा. प्रत्येकाचे ॲप वेगळे, खाते वेगळे, पासवर्ड वेगळा. घरातला तरुण मुलगा हे सारे लीलया हाताळतो. तो शिक्षणासाठी पुण्याला गेला की आजी-आजोबांना बैठकीतला दिवा लावणेही अवघड होऊन बसते.

याचे कारण उपकरणांच्या बोलीत आहे. काही उपकरणे वायफायवर चालतात, काही झिगबीवर, काही थ्रेडवर. त्यातच बहुतेक कंपन्यांची रचना अशी, की भिंतीवरच्या दिव्याला दिलेली आज्ञा आधी इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून परत येते. इंटरनेट खंडित झाले, की दोन हातांवरचा दिवा मोबाइलला जुमानत नाही. कंपनीने ती सेवाच गुंडाळली, तर महागडा दिवा साध्या दिव्याच्या योग्यतेचा उरतो. पेढी पाहून उधारी देणाऱ्या समाजाने ही जोखीम ओळखायला हवी.

ॲमेझॉन, ॲपल आणि गूगल या प्रतिस्पर्ध्यांनी डिसेंबर २०१९मध्ये सामायिक बोलीसाठी एकत्र काम करण्याचे जाहीर केले. त्यातून 'मॅटर' हे मानक आकाराला आले. कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्सने त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२मध्ये प्रसिद्ध केली. मॅटरचे चिन्ह असलेले उपकरण घरातल्या घरात, इंटरनेटवाचूनही आज्ञा पाळू शकते आणि एकाच वेळी एकाहून अधिक कंपन्यांच्या ॲपशी जोडता येते. मात्र चिन्ह दिसले म्हणजे सर्व काही जुळले, असे समजू नये. पहिल्या आवृत्तीत कॅमेऱ्यांना स्थान नव्हते. खोलीतल्या एसीला व फ्रिजला ते २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मिळाले. थ्रेडवर चालणाऱ्या उपकरणाला घरात थ्रेड जाणणारा राउटर किंवा स्पीकर लागतोच. दुकानदाराला 'ॲलेक्साशी चालते का' एवढेच न विचारता 'मॅटर आहे का, आणि वायफायवर की थ्रेडवर' हे विचारावे.

घरात आधीच असलेल्या वस्तू टाकून देण्याचे कारण नाही. जुन्या एसीसाठी रिमोटचे इशारे शिकून घेणारी लहान डबी मिळते. तिची उणीव एवढीच, की तिचे बोलणे एकतर्फी असते. एसी खरोखर बंद झाला की नाही, हे तिला कळत नाही. होम असिस्टंट ही २०१३पासून विकसित होत आलेली विनामूल्य प्रणाली घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते आणि परस्परांशी न बोलणाऱ्या अनेक कंपन्यांची उपकरणे एका पटलावर आणते. परंतु तिची देखभाल करणारा जाणकार घरात हवा.

नागपुरात खरी सावधगिरी हवी ती कूलरबाबत. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात कूलर स्मार्ट प्लगवर लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. दुकानातून निघतानाच घर गार करता येते, रात्री ठरल्या वेळी पंखा थांबवता येतो. पण पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. कूलर मोबाइलवर 'बंद' दिसतो, म्हणून घरातली गृहिणी टाकीत पाइप सोडते. त्याच क्षणी ठरवलेली वेळ होते, किंवा पुण्याहून मुलगा काळजीपोटी कूलर सुरू करतो. दूरच्या माणसाला टाकीतला हात दिसत नाही. म्हणून पाणी भरण्यापूर्वी प्लग हातानेच काढावा, कूलरचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवावे. हा खर्च कोणत्याही स्मार्ट उपकरणाच्या आधी करायचा आहे. दीड टनी एसी १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर कधीही लावू नये.

सूर्यास्ताशी दिवे जोडण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांना अर्धा तास आधी स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकवून सूचना मिळवता येते. तेथे घराचे ठिकाण नागपूरच नोंदवलेले आहे ना, हे पाहावे. मुंबई नोंदवली गेली, तर येथला सूर्य सुमारे २५ मिनिटे आधीच मावळलेला असेल आणि सूचना अवघ्या पाच मिनिटांवर येईल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. खाते उपकरण बसवून देणाऱ्याच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले नसावे. घर विकताना किंवा कारागीर बदलताना दाराचे कुलूप त्याच्या ताब्यात राहते. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. भिंतीवरची कळ काढून टाकू नये, आजोबांचा हात तिकडेच जातो. मॅटर उपकरणासोबत येणारा ११ अंकी जोडणी क्रमांक खोक्यासोबत रद्दीत न देता घराच्या वीजबिलांच्या फाइलला लावून ठेवावा. राउटर बदलला, की सर्वप्रथम त्याचीच शोधाशोध होते.