वारा फिरला की ऊन पडतं

घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंतच्या दिवसांत पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यात एक आठवडा असा येतो, की सोमवारी छत्रीशिवाय बाहेर पडवत नाही आणि रविवारी टोपी शोधावी लागते. सोमवारी दुपारी चारला अंधारून येतं, विजा कडाडतात, अर्ध्या तासात रस्त्यांचे ओढे होतात. रविवारी आकाश निळंभोर असतं आणि उन्हाचा चटका बसतो. मधल्या चार-पाच दिवसांत काय घडलं, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: पाऊस संपला.

पाऊस संपत नाही. वर कुठे पाण्याचा साठा होता आणि तो रिता झाला, असा हा मामला नाही. बदलतो तो वारा, आणि तो बदलल्याची खूण आकाशाआधी जमिनीवर दिसते.

आधी काळाचा हिशेब. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो आणि १०-११ ऑक्टोबरला चित्रा लागतं. या तेरा-चौदा दिवसांच्या पावसाला गावाकडे हत्तीचा पाऊस म्हणतात. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की कोल्हा, यावरून पाऊस ठरवण्यावर माझा विश्वास नाही. पण पावसाची नक्षत्रं सूर्याच्या जागेवरून मोजतात, चंद्राच्या नाही, म्हणून त्यांच्या तारखा तिथींसारख्या मागेपुढे होत नाहीत. शेतकरी पावसाचं बोलताना नक्षत्राचं नाव घेतो, त्याला हे चांगलं कारण आहे.

आता अस्थिर दिवसांकडे येऊ. सोमवारची सकाळ. रात्री सरी येऊन गेल्यात, जमीन पाणी पिऊन तट्ट आहे, आकाशात थोडी उघडीप. या दिवसांत पुण्यात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ६७ अंश वर असतो, म्हणजे ऊन चांगलंच कडक. ते ओल्या जमिनीवर, शेतांवर, साचलेल्या डबक्यांवर पडतं आणि पाण्याची वाफ होऊ लागते. दहा-अकरापर्यंत कोंदट वाटायला लागतं. दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत दमटच राहतात, जीन्सचा कमरेचा भाग तर दुसऱ्या दिवशीही.

इथे आर्द्रतेच्या आकड्याने फसायला होतं. सकाळी मोबाइलवर ९० टक्के दिसते, दुपारी ५० टक्के. वाटतं, हवा कोरडी झाली. पण टक्केवारी सांगते ती हवेची भूक कितपत भागली आहे एवढंच. २० अंश तापमानाची एक घनमीटर हवा फार तर १७ ग्रॅम वाफ धरते, तर ३२ अंशांची हवा जवळपास ३४ ग्रॅम. सकाळच्या ९० टक्क्यांत सुमारे साडेपंधरा ग्रॅम वाफ झाली आणि दुपारच्या ५० टक्क्यांत सतरा. दुपारची ‘कोरडी’ हवा सकाळपेक्षा जास्त पाणी बाळगून असते. म्हणून जाणकार टक्केवारी सोडून दवबिंदू पाहतात: हवा किती थंड केली की तिच्यातलं पाणी बाहेर पडेल, ते तापमान. पावसाळी दिवसांत पुण्याचा दवबिंदू साधारण २१-२२ अंशांवर असतो.

दवबिंदूवरून ढगाचा तळ किती उंचीवर असेल तेही काढता येतं. जमिनीलगतचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्यायचा आणि प्रत्येक अंशाला १२५ मीटर धरायचे. तापमान ३१, दवबिंदू २१, तर तळ साडेबाराशे मीटरवर. गरम हवा तेवढी वर चढली की वाफेचे थेंब होतात. थेंब होताना वाफेतली उष्णता मोकळी होते, तीच हवेला आणखी वर ढकलते. दुपारी दोनला रेखीव कडांचे पांढरे ढग दिसतात, तीनपर्यंत त्यांचे माथे फुगतात, आणि एखादा ढग बारा-चौदा किलोमीटरपर्यंत चढतो. एका एकरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ८१ हजार लिटर पाणी. तेवढ्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, ती विजेच्या मापात मोजली तर जवळपास ५६ हजार युनिट भरते. एका एकरापुरती! वादळी ढग एवढा गडगडाट कशाच्या जोरावर करतो, ते यावरून कळावं.

पाऊस पोचण्याआधीची दहा मिनिटं नीट पाहण्यासारखी असतात. वारा पडतो, झाडाचं पान हलत नाही. जूनमध्ये पाऊस पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या बाजूने येतो. आता काळोख पूर्वेला दाटतो, पुण्यात लोणी-हडपसरच्या अंगाला. मग एकदम गार झोत येतो, धूळ उडते, खिडक्या आपटतात, मातीचा वास येतो, आणि त्यानंतर टपोरे थेंब. हा गार झोत ढगातूनच आलेला असतो. पडणारे थेंब वाटेत थोडे सुकतात, त्याने भोवतालची हवा थंड आणि जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. ती पसरते तेव्हा ढगाला खालून मिळणारी गरम दमट हवा तोडून टाकते. म्हणून असा एकटा ढग तासाभरात संपतो. पण जाता जाता हाच झोत शेजारची गरम हवा वर उचलतो आणि दोन-चार किलोमीटरवर नवा ढग उभा राहतो.

शिवाजीनगरला धो धो आणि लोहगावला धूळ, हे असं होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात आंबिल ओढ्याला पूर येऊन वीसहून अधिक माणसं गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला अनेकांना ते सकाळच्या बातम्यांत कळलं.

हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं असतं, त्याची चेष्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो शब्द मोजून वापरलेला असतो: त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के असतील तर ‘काही ठिकाणी’. तुमची गल्ली कोरडी राहिली म्हणजे अंदाज चुकला असं नाही. पावसाची मोजणीही सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते, त्यामुळे सोमवारी संध्याकाळचा पाऊस मंगळवारच्या आकड्यात दिसतो. विजांसाठी मात्र बुलेटिनची वाट पाहू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. तेही नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दहाच्या आत आलं तर शेतात आणि झाडाखाली थांबायचं नाही.

मंगळवार आणि बुधवार थोड्याफार फरकाने असेच जातात.

खरा बदल तोवर आठशे-हजार किलोमीटरवर सुरू झालेला असतो. राजस्थानावर हवा वरून खाली बसू लागते आणि तिथे जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं. भूगोलाच्या पुस्तकात यालाच प्रत्यावर्त म्हणतात. उत्तर गोलार्धात त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आणि महाराष्ट्र त्याच्या दक्षिण-आग्नेय अंगाला पडतो. साहजिकच आपल्याकडे अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा थांबतो आणि उत्तर-ईशान्येकडचा, जमिनीवरून आलेला कोरडा वारा सुरू होतो. चार महिने पूर्वेकडे फडफडणारी देवळाच्या कळसावरची पताका गुरुवारी सकाळी नैऋत्येकडे झुकलेली दिसली, तर समजा काम झालं. आकाशात त्या दिवशीही ढग असू शकतात. संध्याकाळी एखादी सरही येईल. तरी कपडे त्या दिवशी वाळतात. माझ्या मते घरात ठेवता येईल असं याहून चांगलं आर्द्रतामापक नाही.

दवबिंदू २१ वरून १६-१७ पर्यंत उतरला की मघाचाच हिशेब बदलतो. दुपारचं तापमान ३२, दवबिंदू १६, म्हणजे ढगाचा तळ दोन हजार मीटरवर गेला. तिथवर पोचायला हवेला जास्त चढावं लागतं आणि वाटेत अडसर असतो. वरून खाली बसणारी हवा दाबली जाऊन तापते, दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी. त्यामुळे दोन-तीन किलोमीटरवर एक उबदार कोरडा थर तयार होतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. खालून चढणारी हवा त्याला धडकून तिथेच थांबते. शुक्रवारी-शनिवारी दुपारी छोटे, चपटे, विखुरलेले ढग दिसतात आणि पाच वाजता विरून जातात. तापमान सोमवारपेक्षा जास्त, ऊन कडक, तरी पाऊस नाही. उन्हाने ढग होतात हे खरं, पण वाफ आणि वर मोकळी वाट, दोन्ही असल्याशिवाय नाही.

मग लोक म्हणतात, पावसापेक्षा हा उकाडा वाईट. यात तथ्य आहे. जमिनीत ओल शिल्लक असते, आकाश स्वच्छ असल्याने ऊन थेट पोचतं, आणि मॉन्सूनचा जोराचा वारा नसतो. मुंबईचं दुखणं आणखी वेगळं. पूर्वेचा जमिनीवरचा वारा सकाळी समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. खारे वारे जितके उशिरा सुरू होतात तितका पारा चढतो. म्हणूनच मुंबईत ऑक्टोबरची दुपार सप्टेंबरपेक्षा गरम असते. त्या उन्हात लोकलच्या दारात उभं राहूनही वारा लागत नाही.

रात्री मात्र फरक सुखद असतो. ढगांचं पांघरूण नसल्याने जमिनीची उष्णता निघून जाते. पुण्यात दुपारी ३२-३३ आणि पहाटे १८-१९, असं अंतर पडू लागतं. गवतावर दव दिसतं, भीमेच्या, नीरेच्या काठी सकाळी धुकं उतरतं. ते ओल असल्याचं लक्षण आहे, पाऊस येणार असल्याचं नाही.

या आठवड्याचा खरा हिशेब शेतात होतो. सोयाबीन काढणीला आलेलं असतं. पावसात शेंगा भिजल्या तर दाणे काळे पडतात, कोंब फुटतात. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. आकाश उघडलं म्हणून लगेच मशीन घालता येत नाही. काळ्या रानाला वाफसा यायला ऊन लागल्यावरही तीन-चार दिवस जातात. द्राक्षबागायतदार छाटणी पुढे ढकलून बसतो, कारण पानं ओली राहिली की डाऊनी रोग येतो. उलट ज्याला शाळू पेरायचा आहे त्याला हस्ताची हीच ओल हवी असते. सोलापूरकडे वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, तिथली रब्बी या ओलीवरच उभी राहते. एकाच पावसाला एक शेतकरी शिव्या देतो आणि बांधापलीकडचा दुसरा हात जोडतो.

आता मॉन्सून ‘गेला’ हे ठरवतं कोण? १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलेलं हवामान खात्याचं कार्यालय शिवाजीनगरला आहे, अजूनही लोक त्याला सिमला ऑफिसच म्हणतात. खातं तीन गोष्टी पाहतं: वायव्य टोकाला सलग पाच दिवस पाऊस नाही, खालच्या थरात प्रत्यावर्त बसला आहे, आणि हवेतली वाफ लक्षणीय घटली आहे. तिन्ही जुळल्या की राजस्थानातून माघार जाहीर होते. २०२० पासून त्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर धरतात, मुंबईची ८ ऑक्टोबर. या सरासरीच्या तारखा आहेत, करार नव्हे. २०१९ मध्ये राजस्थानातूनच माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली होती.

आपल्याकडे ऊन आणणारे हेच ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून जाताना वाफ उचलतात आणि तमिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस देतात. याच उपसागरात ऑक्टोबरात कमी दाबाची क्षेत्रंही तयार होतात आणि त्यांतलं एखादं पश्चिमेकडे सरकलं की आपलं झाकण उडतं. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं असंच एक क्षेत्र हैदराबादला बुडवून पुढच्या दिवशी सोलापूर, पंढरपूर, इंदापूर, पुण्यावर येऊन कोसळलं. कापून ठेवलेली पिकं वाहून गेली. तेव्हा चार दिवस ऊन पडलं म्हणून खुशाल काढणीला लागा, पण बंगालच्या उपसागराची बातमी रोज वाचत चला, आणि शेवटचं पोतं घरात येईपर्यंत ताडपत्री घडी करून माळ्यावर टाकू नका.